'कोहिनूर'चा हिशेब



या आठवड्यात आम्ही शाळेच्या फीसवलतीच्या फॉर्मविषयी लिहिणार होतो. मागच्या अंकात तसे कबूलही केले होते. परंतु रविवारी सकाळी आम्ही दाढीला बसलो असता वस्तीतला एक मुलगा हातात सात पानांचा इंग्रजी कागद घेऊन दारात उभा राहिला. मागे त्याची आई. त्यामुळे फीसवलत पुढच्या अंकावर ढकलावी लागत आहे, याबद्दल पालकांनी क्षमा करावी.

मुलगा विशीतला. आय.टी.आय. करून नागोठण्याकडे एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली लागला आहे. वडील धरमतरच्या खाडीत बार्जवर मजुरी करतात. हा पोरगा रॅप करतो. रॅप म्हणजे ठेक्यावर, यमक जुळवीत, गाण्यापेक्षा बोलण्याच्या अंगाने म्हणायचे गीत. वडिलांच्या मजुरीवर त्याने एक गाणे रचले, मोबाइलवर मुद्रित केले आणि इंटरनेटवर चढवले. वर्षभरात ते चाळीस हजार वेळा ऐकले गेले. आता मुंबईच्या एका कंपनीने त्याच्या पाच गाण्यांचा आल्बम काढायचे ठरवले आहे आणि पंधरा हजार रुपये देऊ केले आहेत.

"काका, इंग्लिशमधे आहे. तुम्ही बी.कॉम. ना, जरा सांगा काय लिवलंय ते," मुलगा म्हणाला.

"भाऊजी, पंधरा हजार देतायत," आई म्हणाली. "सही केली तर काय बिघडतंय? याच्या बापाला एवढे मिळवायला महिना लागतो."

आम्ही कागद चाळला. मुलगा सारखा एकच नाव घेत होता, डिव्हाईनचे. "काका, डिव्हाईन पण चाळीतलाच. त्याचा 'कोहिनूर' बघा ना किती चालला." खरे सांगायचे तर कोहिनूर म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे दादरची कोहिनूर मिल उभी राहिली. मुलगा हसला. आम्ही मात्र मनातून ओशाळलो. कारण दोन वर्षांपूर्वी जयंतीच्या कार्यक्रमात याच मुलाला आम्ही दहा मिनिटे नाकारली होती. 'ही बडबड आहे, हे गाणे नव्हे' असे समितीच्या बैठकीत बोललो होतो. ते शब्द त्याच्या कानावर गेले असणार. तरी तो आमच्याच दारात आला.

म्हणून आठवडाभर कचेरीतून आल्यावर आम्ही या 'कोहिनूर'च्या मागे लागलो. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

डिव्हाईन हे टोपणनाव. खरे नाव व्हिव्हियन फर्नांडिस. जन्म १९९० सालचा. मुंबईत अंधेरी पूर्वेला जे. बी. नगरच्या भागात तो वाढला. आई नोकरीसाठी परदेशी, मुलगा आजीपाशी. आपल्या किनाऱ्यावर हे कोणाला नवे नाही. कोणाचा बाप जहाजावर, कोणाचा भाऊ आखातात, आणि घर चालवते आजी. शाळेतल्या एका मित्राच्या अंगात फिफ्टी सेंट या अमेरिकन रॅप गायकाचे चित्र असलेला टी-शर्ट होता, त्यावरून याला हा नाद लागला. आधी इंग्रजीत, मग मुंबईच्या रस्त्यावरच्या हिंदीत तो रॅप करू लागला. २०१३ साली 'ये मेरा बॉम्बे' आले. २०१५ साली कुर्ल्याच्या नेझीबरोबर 'मेरे गली में' आले. या नेझीने तर आपले पहिले गाजलेले 'आफत' २०१४ साली हातातल्या आयपॅडवर तयार केले होते. स्टुडिओ नाही, साजिंदे नाहीत, लाँचचे भाडे काढून मुंबईला खेटे घालणे नाही. ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. पूर्वी आपल्या कलावंताची मान जिथे अडकत असे ते दार म्हणजे मुद्रणाचे यंत्र. यंत्र ज्याचे, गाणे त्याचे. ते यंत्र आता पोराच्या खिशात आले आहे.

पुढे १४ फेब्रुवारी २०१९ रोजी झोया अख्तर यांचा 'गली बॉय' हा चित्रपट लागला. या दोघा मुलांच्या आयुष्यावरून त्याची प्रेरणा घेतलेली. रणवीर सिंग नायक. 'मेरे गली में' नव्याने मुद्रित झाले, आणि 'अपना टाइम आयेगा' हे गाणे तर लग्नाच्या वरातीतही वाजले. ते डिव्हाईन व अंकुर तिवारी यांनी लिहिले आणि त्याबद्दल २०२० साली दोघांना गीतलेखनाचे फिल्मफेअर मिळाले. परंतु म्हटले ते रणवीर सिंगने. चित्रपटाने जगभरात दोनशे कोटींहून अधिक गल्ला जमवला. आमच्या सौभाग्यवतींना आम्ही विचारले, हे गाणे कोणाचे? त्या म्हणाल्या, रणवीरचे. शंभरातली नव्वद माणसे हेच सांगतील.

म्हणून ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या 'कोहिनूर'कडे नीट पाहिले पाहिजे. हा डिव्हाईनचा पहिला स्वतंत्र स्टुडिओ आल्बम. त्यात चित्रपट नाही, नायक नाही, पडद्यावरची कथा नाही. लोक रणवीरसाठी आले होते की गल्लीतल्या मुलासाठी, याची ती परीक्षा होती. बाजारात त्याचे काय झाले? आपल्याकडे आता दुकानात कॅसेटी मोजता येत नाहीत. त्यामुळे 'इतक्या लाख प्रती खपल्या' असा साधा आकडा कोणी देत नाही. पण कारकुनाची एक पद्धत असते. व्यापारी दुसऱ्यांदा माल उचलतो तेव्हा पहिला खपला असे समजावे. 'कोहिनूर'मधल्या 'चल बॉम्बे'सारख्या गाण्यांच्या चित्रफिती कोटींच्या संख्येने पाहिल्या गेल्या आणि त्याच कंपनीने २०२० साली 'पुण्य पाप' व २०२२ साली 'गुनहगार' असे आणखी दोन आल्बम काढले. याहून पक्की पावती कोणती?

ती कंपनी कोणती, हेही मनोरंजक आहे. मास अपील इंडिया. ही न्यूयॉर्कच्या मास अपीलची शाखा ऑगस्ट २०१९ मध्ये युनिव्हर्सल म्युझिकच्या साथीने इथे सुरू झाली आणि तिने पहिला करार केला तो डिव्हाईनशी. त्या मूळ कंपनीमागचा माणूस म्हणजे नाझ हा कृष्णवर्णीय रॅप गायक. 'गली बॉय'च्या निर्मात्यांच्या यादीतही त्याचे नाव आहे.

या नाझची हकीकत आम्ही वाचली आणि वाचतच राहिलो. न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीत तो वाढला. आपल्या बी.डी.डी. चाळींसारखीच ती गरिबांसाठी बांधलेली, १९३९ ची. ज्या शहरात १९१३ साली बाबासाहेब शिकायला उतरले तेच हे शहर. नाझने आठवीत शाळा सोडली. वडील ओलू दारा हे वादक. मुलाच्या पहिल्या आल्बमात त्यांनी स्वतः वाद्य वाजवले आहे. त्या आल्बमाचे नाव 'इल्मॅटिक', एप्रिल १९९४. तेव्हा नाझ वीस वर्षांचा. जाणकारांनी डोक्यावर घेतले, पण पहिल्या आठवड्यात खपल्या साधारण साठ हजार प्रती. तिकडच्या मानाने हे फार नव्हे. चोरट्या प्रती आधीच रस्त्यावर आल्या होत्या. पाच लाखांचा सोनेरी टप्पा गाठायला १९९६ उजाडले आणि दहा लाखांचा प्लॅटिनम टप्पा २००१ मध्ये. म्हणजे सात वर्षे लागली. आज रॅपच्या इतिहासातल्या पहिल्या दोन-चार आल्बमांत त्याची गणना होते. पहिल्या आठवड्याच्या आकड्यावर जीव टाकणाऱ्या आमच्या मुलांनी हे लक्षात घ्यावे. आणि त्याहून लक्षात घ्यावे ते हे, की वसाहतीतला तो मुलगा पंचवीस वर्षांनी दुसऱ्या खंडातल्या चाळीतल्या मुलाला करार देणाऱ्यांच्या बाजूला बसला होता.

डिव्हाईननेही २०१९ सालीच 'गली गँग' नावाची स्वतःची कंपनी काढली. 'कोहिनूर'च्या यशातला हा भाग आमच्या मुलाला माहीतच नव्हता. त्याला आकडे पाठ होते. कागद कोणाचा, हे त्याने कधी पाहिले नव्हते. मोठ्या कंपनीशी बोलायला डिव्हाईन बसला तेव्हा त्याच्यामागे सहा वर्षांची गाणी, एक गाजलेला चित्रपट आणि स्वतःची संस्था होती. आमच्या मुलामागे चाळीस हजार श्रोते आणि आईची गरज आहे.

आता थोडा हिशेब मांडू. भगिनींनी कंटाळा करू नये, हा घरखर्चापेक्षा सोपा आहे.

आजकाल गाणे विकले जात नाही, ऐकले जाते, आणि दर ऐकण्यामागे पैशांत मोजावी इतकी चिल्लर मिळते. अमेरिकेत तर २०१६ पासून नियमच झाला, की आल्बमातली गाणी दीड हजार वेळा ऐकली गेली म्हणजे एक आल्बम विकला असे धरायचे. म्हणजे दहा लाखांचा प्लॅटिनम टप्पा केवळ ऐकण्यावर गाठायचा तर दीडशे कोटी वेळा ऐकले गेले पाहिजे. आपल्याकडचा भाव कमी. दरमहा पैसे भरणारा श्रोता आणि जाहिराती सोसून फुकट ऐकणारा श्रोता यांचे भाव वेगळे, यूट्यूबचा आणखी वेगळा. पण हिशेबाच्या सोयीसाठी आपण एका ऐकण्याचे दहा पैसे धरू. कंपनीने मुलाला दिलेले पंधरा हजार वसूल व्हायला दीड लाख ऐकणी लागतील. गाणी पाच, म्हणजे गाण्यामागे तीस हजार. मुलाचे एकटे गाणे वर्षात चाळीस हजारांवर गेले आहे. कंपनीचा जाहिरातीचा, चित्रफितीचा खर्च आम्ही धरलेला नाही, तो रास्त असेल तर जरूर धरावा. पण त्यानंतर? त्यानंतर येणारा प्रत्येक पैसा कायमचा कंपनीचा. कागदात शब्द आहे 'परपेच्युइटी'. मुलाने विचारले, "म्हणजे किती वर्षं?" आम्ही म्हटले, "वर्षं नाहीतच त्यात. तू म्हातारा झालास तरी, आणि गेलास तरी."

आई खाली बसली.

कागदात आणखी एक कलम होते. मुलाने घेतलेले टोपणनावही कंपनीचे होणार. उद्या करार सुटला तर याला स्वतःच्या नावाने गाता येणार नाही. आम्ही ते दोनदा वाचले, कारण पहिल्यांदा आमचा विश्वास बसला नाही.

एका गाण्यात तीन मालकी असतात हे आपल्या लोकांना कोणी सांगत नाही. अलिबागच्या वाडीचा दाखला घ्या. जमीन एकाची, माडांचे उत्पन्न खंडाने दुसऱ्याकडे, आणि नारळ पाडणारा तिसराच. तसेच शब्द एकाचे, चाल एकाची आणि ध्वनिमुद्रण, म्हणजे तयार झालेली टेप, एकाची. रॅपमध्ये चालीच्या जागी बहुधा ठेका असतो, त्याला ही मुले बीट म्हणतात. आमच्या मुलाने एक बीट इंटरनेटवरून 'फुकट' उतरवून घेतले होते. तिथेही गफलत. फुकट म्हणजे ऐकायला फुकट. त्या गाण्याने पैसे मिळवायला सुरुवात केली की बीटवाला आपला हक्क सांगतो आणि यूट्यूबवरचे उत्पन्न त्याच्याकडे वळते. घरातल्या मुलाने असे काही केले असेल तर बीट कोणाचे, कोणत्या अटीवर घेतले, याची नोंद वहीत ठेवायला लावा. साधी दोनशे पानी वही पुरे.

मोठ्यांचेही यात भले होते असे नाही. तामिळनाडूचा अरिवु हा आपल्याच विचाराचा रॅप गायक. पा. रणजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'मधून पुढे आला. त्याची आजी श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबून भूमिहीनच परत आली. मार्च २०२१ मध्ये धी या गायिकेबरोबर त्याने म्हटलेले 'एन्जॉय एन्जामी' देशभर कोट्यवधी लोकांनी ऐकले. आपल्या वस्तीतल्या लहान मुली त्यावर नाचल्या, भाषा कळत नसताना. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका नामांकित संगीत मासिकाने या यशावर मुखपृष्ठ केले आणि त्यावर अरिवु नव्हता. रणजित यांनी जाहीर निषेध केला. आणि मार्च २०२४ मध्ये त्या गाण्याचे संगीतकार संतोष नारायणन यांनी सांगून टाकले, की या गाण्यातून आपल्याला एक पैसाही मिळालेला नाही. इतक्या गाजलेल्या गाण्याची ही स्थिती. त्या वर्षी अरिवुने 'वळ्ळियम्मा पेराण्डी' हा स्वतःचा आल्बम काढला. नावाचा अर्थ वळ्ळियम्माचा नातू. आजीचे नाव मुखपृष्ठावर आले, कोणाला विचारावे लागले नाही.

आता जे लिहायचे आहे ते लिहिताना हात जड होतो आहे. पण ते टाळून हा लेख पुरा होणार नाही.

आमच्या वस्तीत अण्णा होते. दिवसा गवंडीकाम, रात्री गायन पार्टी. पेटी, ढोलकी, दोन कोरसवाले आणि अण्णांचा खणखणीत आवाज. पोयनाड, चौल, रेवदंड्यापासून मुरूडपर्यंत जयंतीच्या महिन्यात त्यांना उसंत नसे. गीते स्वतः लिहीत, चाली स्वतः बांधीत. १९९९ साली मुंबईच्या एका कंपनीने त्यांची कॅसेट काढली. सात गाणी, एकवीसशे रुपये. आम्ही तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. वस्तीत कॉलेजला जाणारे आम्ही दोघेच, म्हणून पावती वाचायला आम्हाला सोबत नेले. रेवसहून लाँचने भाऊचा धक्का, तिथून टॅक्सी. कंपनीच्या माणसाने अर्ध्या पानाची मराठी पावती पुढे केली. 'सदर गीतांचे सर्व हक्क कंपनीस दिले असून मोबदला रोख मिळाला.' अण्णांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही ऐटीत म्हणालो, "ठीक आहे अण्णा, करा सही." आम्हाला त्या वातानुकूलित खोलीत बसल्याचाच अभिमान वाटत होता. साजिंद्यांचे आणि प्रवासाचे वजा जाता अण्णांच्या हातात साडेआठशे रुपये उरले. त्यांनी परतताना धक्क्यावर आम्हा सर्वांना वडापाव खाऊ घातला.

कॅसेट चालली. दरवर्षी २० मार्चला महाडला चवदार तळ्यावर जाणाऱ्यांनी ती पुस्तकांच्या शेजारच्या स्टॉलवर पाहिली असेल. पुढे तीच गाणी सीडीवर आली, मग मेमरी कार्डात दहा रुपयांत भरून मिळू लागली. चोरट्या प्रती किती निघाल्या याला गणती नाही. मूळ कंपनीनेही दुसऱ्या मुखपृष्ठाखाली दोनदा काढली. मुखपृष्ठावर अण्णांचा फोटो दुसऱ्या खेपेला नव्हता.

२०११ साली अण्णा गेले. त्याआधी दोन वर्षे त्यांच्या लेकीच्या फोनवर फोन केला की अण्णांचेच गाणे वाजे. कॉलर ट्यून. ती महिन्याला तीस रुपये भरत होती. बापाने रचलेले, बापाने गायलेले गाणे ऐकवायला लेक कंपनीला भाडे देत होती. आम्हाला त्या वेळी त्यात कौतुकच वाटले. हिशेब आम्हाला आत्ता, या आठवड्यात सुचला.

असे एकट्या अण्णांचेच झाले असेही नाही. हजारो गीते लिहिणारे महाकवी वामनदादा कर्डक २००४ साली गेले तेव्हा त्यांच्यामागे गाण्यांखेरीज काय इस्टेट होती? औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारीवर गात दारोदार फिरल्या. त्यांचे गाणे मोबाइलवरून महाराष्ट्रभर गेले आणि मग लोक त्यांना ओळखू लागले. ओळख मोठी गोष्ट आहे. पण ओळखीवर किराणा मिळत नाही.

२०१२ साली कॉपीराइट कायद्यात बदल झाला. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी यासाठी मोठा लढा दिला. बदल असा, की गीतकाराने आणि संगीतकाराने गाण्याचे हक्क कंपनीला दिले तरी त्याच्या पुढच्या वापरावरचा मानधनाचा वाटा, ज्याला रॉयल्टी म्हणतात, तो त्याला सोडून देताच येत नाही. तो कंपनीबरोबर समान वाट्याने मिळायचा. सोडला असे कागदावर लिहून घेतले तरी ते लिखाण रद्द. हा हक्क वारसाला मिळतो आणि शब्द व चाल यांवरचा हक्क रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. हे पैसे गोळा करून वाटणारी आय.पी.आर.एस. ही संस्था १९६९ पासून मुंबईत आहे. गीतकार व संगीतकार तिचे सभासद होऊ शकतात. गायकांसाठी २०१३ पासून वेगळी संस्था आहे. पण संस्था दारात येत नाही. आपण नोंद केली नाही तर आपल्या नावावर काही जमा होत नाही. रेशनकार्डासारखेच आहे हे.

कायद्याचे कलम १९ वाचत असताना आम्ही एका ओळीवर थांबलो. हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरावी. प्रदेश लिहिलेला नसेल तर तो फक्त भारत धरावा. ही तरतूद २०१२ ची नव्हे. १९९९ सालीही ती होती. आम्ही वाणिज्य शाखेला होतो, कायद्याचा एक पेपरही आम्हाला होता.

चष्मा काढून आम्ही बराच वेळ तसेच बसलो. मग रात्री नऊ वाजता वहिनींकडे गेलो. मुलालाही बरोबर घेतले.

वहिनींनी पत्र्याची ट्रंक काढली. अण्णांच्या वह्या, हार्मोनियमची एक सुटी पट्टी, भाषणाला गेल्याचे फोटो आणि प्लास्टिकच्या पिशवीत ती पावती. दुमड्यांवर फाटलेली, पण वाचता येत होती. आम्ही एकच शब्द शोधत होतो. 'कायमचे.' तो नव्हता. वर्षांचा आकडाही नव्हता. 'सर्व हक्क' एवढेच, आणि खाली तारीख, कंपनीचा शिक्का आणि अण्णांची सही. साक्षीदार म्हणून आमची.

"म्हणजे गाणी परत आपली झाली का, भाऊजी?" वहिनींनी विचारले.

आम्ही सांगितले ते असे. टेपवर मुद्रित झालेला अण्णांचा आवाज, ते मुद्रण कंपनीने पैसे घालून केले, ते तिचे. शब्द आणि चाल यांची गोष्ट वेगळी. मुदत लिहिलेली नाही, त्यामुळे पाच वर्षांनी, म्हणजे २००४ साली, ते हक्क अण्णांकडे परत आले असे म्हणायला जागा दिसते. पण आम्ही कारकून आहोत, वकील नाही. एकदा वकील नसताना आम्ही 'ठीक आहे' म्हणालो होतो. या खेपेस मुंबईला वकिलांकडेच जायचे. अण्णांच्या वह्या जपून ठेवा, त्यांतले खाडाखोड केलेले कागद फेकू नका, तेच पुरावे आहेत.

वहिनी काही बोलल्या नाहीत. मुलगा पावतीचा फोटो काढत होता. मग त्याने वह्यांतले एक पान वर धरून विचारले, "काकी, याच्यावर मी बोललो तर चालेल? माझ्या ठेक्यावर?"

"तुझ्या त्या बडबडीत?" वहिनी म्हणाल्या, आणि आम्ही खाली पाहिले. ती बैठकीतली गोष्ट यांच्याही कानावर गेली होती तर.

"त्यांचं नाव घालशील?"

"पहिलं त्यांचंच, काकी."

"कागदावर पण?"

"कागदावर पण."

मुलाचा सात पानी कागद सध्या आमच्या कचेरीच्या खणात आहे. कंपनीने शनिवारपर्यंत मुदत दिली आहे. आम्ही त्यात तीन ठिकाणी पेन्सिलने खुणा केल्या आहेत. मुदत पाच वर्षे लिहावी, टोपणनाव मुलाचेच राहावे आणि रॉयल्टीचे कलम कायद्याप्रमाणे घालावे. कंपनी मान्य करील की नाही, सांगता येत नाही. आई म्हणते, पंधरा हजार गेले तर? तिच्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नाही, कारण या महिन्यात तिच्या घरचे वीजबिल थकले आहे हे आम्हाला ठाऊक आहे. आम्ही समितीत विषय काढला आहे. जयंतीच्या वर्गणीतून मुलाला सहा हजार बिनव्याजी द्यावेत आणि कार्यक्रमात वीस मिनिटे द्यावीत. सहा हजारांवर दोघांची हरकत आली. वीस मिनिटांवर कोणाचीच आली नाही.

ज्यांच्या घरी जुन्या गायन पार्ट्यांच्या कॅसेटी, वह्या किंवा कंपनीच्या पावत्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. पावतीची झेरॉक्स काढून आम्हाला दाखवावी. रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही घरीच असतो.

फीसवलतीचे फॉर्म पुढच्या अंकी, नक्की.